किल्ट लाल होता

"वॉटी, दारात एक माणूस आलाय," एफी म्हणाली, "आणि त्याच्या हातात बाईचा पाय आहे."

माझी बायको थट्टा करताना चेहरा अगदी मख्ख ठेवते, त्यामुळे मी पेपरातून डोकं वर काढलं नाही. शनिवारची दुपार होती. ओव्हनमध्ये करंजीसारख्या खिम्याच्या ब्रायडी गरम होत होत्या आणि त्या वासापुढे मला दुसरं काही सुचत नव्हतं.

"त्याला म्हणावं, आमच्याकडे दोघांचे मिळून चार आहेत. पुरेत."

"उठतोस, की त्यालाच आत आणून तुझ्यापुढे उभा करू?"

उठलो. दारात खरंच पन्नाशी ओलांडलेला एक काटकुळा माणूस उभा होता. अंगात चांगला आखूड कोट, आणि तान्हं मूल धरावं तसा छातीशी धरलेला बायकांचा लांब नायलॉनचा मोजा. मोजा लोडासारखा गच्च भरलेला होता आणि वर गाठ मारलेली होती.

"मिस्टर गेडीस? वॉल्टर गेडीस?"

"हो."

"मीही गेडीसच. फिनले. ओबनहून आलोय." मग गाडीत घोकून ठेवलेलं वाक्य त्याने एका दमात म्हणून टाकलं. "तुमचे आणि माझे वडील एकच. म्हणजे, होते. मार्चमध्ये गेले."

आता यावर माणसाने काय बोलावं? मी जे बोललो ते असं, "माझा बाप कॅनडात असतो."

हे वाक्य मी लहानपणापासून म्हणत आलो होतो. शाळेत म्हटलं, लग्न ठरताना एफीच्या घरी म्हटलं. आई म्हणायची, म्हणून मी म्हणायचो. बाप जिवंत असला तर नव्वदीला टेकला असणार, तेव्हा गेलाबिला असेल हे मलाही कळत होतं. पण गेला तरी कॅनडातच गेला असणार ना?

"कॅनडात?" फिनले माझ्याकडे आणि मग एफीकडे बघायला लागला. "नाही हो. वडील, आमचा दा, ओबनलाच होता. बोटीच्या धक्क्यावर तिकिटं तपासायचा."

मी सगळी नोकरी बस चालवण्यात काढली. म्हाताऱ्यांच्या सहली घेऊन ओबनला किती वेळा गेलो असेन, गणती नाही. त्याच धक्क्यावर बस लावून, बोटींकडे बघत मी चिप्स खाल्लेत. डोक्यात काहीतरी जागचं सरकलं आणि परत जागेवर बसेना.

"आत या," एफी म्हणाली. "ब्रायडी तिघांना पुरतील. पण तो पाय टेबलावर ठेवू नका."

"पाय नाही बाई, किल्ट आहे," फिनले कळवळून म्हणाला. "गुंडाळी करून मोज्यात सरकवला की चुण्या हलत नाहीत. दा नेहमी असाच न्यायचा."

"आणि मोजा कुणाचा?"

"आईचा."

म्हणजे माझ्या बापाच्या दुसऱ्या बायकोचा मोजा माझ्या स्वयंपाकघरात आला होता. मी खुर्ची ओढून बसलो. फिनलेही बसला, पण बसण्याआधी त्याने दोन्ही हातांच्या पाठी मागून खाली फिरवल्या, कापड सारखं करावं तशा. अंगात पँट होती, मागे सारखं करायला काही नव्हतं. त्याला स्वतःला हे कळलंसुद्धा नाही.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. दा जायच्या आधी शुद्धीवर होता तेव्हा म्हणाला, किल्ट वॉटीला दे, ब्रीखिन गावी. फिनलेला वाटलं, औषधांची गुंगी बोलतेय. "आमच्या घरात वॉटी नावाचं कुत्रंसुद्धा नव्हतं हो," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी मी विचारलं, दा, वॉटी कोण? तर म्हणाला, थोरला. एवढंच. पुढे बोलला नाही, आणि मग बोलण्यासारखा राहिलाच नाही. किल्ट थोरल्याकडेच जातो, ते बरोबर आहे. पण मी आजवर मलाच थोरला समजत होतो."

हे शेवटचं वाक्य तो मोज्याची गाठ सोडता सोडता म्हणाला. माझं लक्ष गाठीकडे होतं.

गुंडाळी बाहेर आली. लोकरीचा तो ओशट, उबदार वास ब्रायडीच्या वासात मिसळला. फिनलेने टेबल आधी बाहीने पुसलं आणि मग गुंडाळीचा पहिला वेढा उलगडला. किल्टचा पुढचा सपाट पदर माझ्यासमोर आला. गर्द हिरवी जमीन, निळ्याकाळ्या चौकटी, आणि वीतवीतभर अंतरावर बोटाएवढा रुंद लाल पट्टा. कापड जाड होतं, घट्ट विणीचं. कुठे एक भोक नाही की झिजल्याची चमक नाही.

माझ्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं.

"हा नाही," मी म्हणालो. "माझ्या बापाचा किल्ट लाल होता."

"लाल?"

"लाल."

"हिरवा हो. कायम हिरवाच. मी त्याच्या मांडीवर बसून ह्याच चौकटी मोजायला शिकलो."

"मग तुमचा दा वेगळा आणि माझा वेगळा. प्रश्न मिटला. चहा घ्या."

आमच्याकडे लाल किल्ट म्हटलं की लाल जमिनीचा किल्ट. हिरव्यात लाल पट्टे तर निम्म्या घराण्यांच्या चौकटींच्या कापडात, टार्टनमध्ये, असतात, त्याला कुणी लाल म्हणत नाही. हे फिनलेला कळत होतं, एफीला कळत होतं आणि मलाही कळत होतं. म्हणून आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत बसलो.

"त्यात लाल आहे रे," एफी म्हणाली.

"एफी, तुझ्या केकमध्ये मनुका असतात म्हणून कुणी त्याला मनुका म्हणत नाही."

"तू तेव्हा केवढा होतास? पाच वर्षांचा? पाच वर्षांच्या पोराला काय आठवतं?"

"हेच आठवतं," मी म्हणालो, आणि ते अगदी खरं होतं. बापाचा चेहरा आठवत नाही. आवाज आठवत नाही. आईने फोटो ठेवले नव्हते. आठवतो तो खेळांचा दिवस, मैदान, ढोल, भिजलेल्या गवताचा वास, आणि डोळ्यांसमोर लाल. "इथेच थांब, आलोच," असं तो म्हणाल्याचं आई सांगायची. मी थांबलो. गर्दीत ते लाल दिसत होतं तोवर बघत होतो, आणि मग दिसेनासं झालं. त्यानंतर मी कधी किल्ट घातला नाही. लग्नातसुद्धा सूट घातला, सासऱ्याने तोंड वाकडं केलं तरी.

फिनले बिचारा डोकं खाजवत होता. "त्याच्याकडे आधी दुसरा असेल का? लाल? विकला असेल?" मग स्वतःच मान हलवायचा. "नाही, नाही. हा त्याने पलटणीतून सुटल्यावर लगेच शिवून घेतला. पर्थच्या एका बाईने हाताने शिवला. म्हणजे तुमच्या जन्माच्याही आधी. मग लाल कुठून आला?"

"तेच तर मी म्हणतोय. तुम्ही चुकीच्या गेडीसकडे आलात."

"दाच्या जुन्या कागदांत लिहिलंय. अलेक गेडीस. बायको ग्रेटा. मुलगा वॉल्टर. ब्रीखिन."

माझ्या आईचं नाव ग्रेटाच होतं. पण नाव जुळलं म्हणून रंग कसा बदलेल? मला त्या क्षणी खरोखर काही कळेनासं झालं होतं. हा माणूस खोटं बोलत नव्हता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. मीही खोटं बोलत नव्हतो. किल्ट मात्र टेबलावर हिरवाच्या हिरवा पडून होता.

फिनलेला वाटलं असावं, कापडाबद्दल बोललं तर मी जरा नरम पडेन. तो सांगायला लागला. घातल्यावर लगेच कपाटात कोंबायचा नाही, कमरेच्या पट्टीला धरून उलटा न करता टांगायचा, घाम उडून जाऊ द्यायचा. डाग पडला तर थंड पाणी आणि ओलं फडकं, चोळायचं नाही, टिपायचं. इस्त्री करायची तर आधी एकेक चुणी कच्च्या टाक्याने बसवून घ्यायची, मग ओल्या फडक्यावरून दाब द्यायचा, इस्त्री फिरवायची नाही. पिन फक्त वरच्या पदरात टोचायची, दोन्ही पदरांत टोचली की बसताना कापड फाटतं. वसंतात सावलीत दोरीवर टाकून झटकायचा, नाहीतर कसर लागते.

"दा सबंध रविवार त्यातच घालवायचा," तो म्हणाला. त्याचा चेहरा पहिल्यांदाच खुलला होता. "मला जवळ बसवून टाके उसवायला लावायचा. पांढरा दोरा, कारण तो हिरव्यावर दिसतो, एखादा राहून जात नाही. म्हणायचा, लोकर विसरत नाही रे, एकदा चुकीची घडी पडली की पडली. इतकी वर्षं झाली, बघा, एक भोक दिसतंय का?"

मी बघितलं. एकही भोक नव्हतं.

आणि माझा ताबा सुटला.

"म्हणजे कापडाला कसर लागू नये म्हणून जन्मभर जपला," मी म्हणालो, "आणि इथे एक पोर होतं, त्याचं काय? तीन तासांचा रस्ता आहे, फिनले. तीन तास! मी बस घेऊन सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचो. रविवारी तुझ्याबरोबर टाके उसवत बसायचा, एक रविवार इकडे आला असता तर त्याचं काय गेलं असतं? आणि आता मेल्यावर किल्ट पाठवतो! मला नको. हा त्याचा असला तरी नको आणि नसला तरी नको. पण त्याचा नाहीच हा. त्याचा लाल होता."

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की हा किल्ट त्याचा नसावा असं मला मनापासून वाटत होतं. कॅनडातल्या बापावर रागावणं सोपं होतं. मध्ये समुद्र होता. पत्र हरवलं असेल, पैसे नसतील, बर्फ असेल. धक्क्यावर तिकिटं तपासणाऱ्या बापाला मी कुठली सबब देणार होतो?

फिनले खाली मान घालून ऐकत होता. एफीने त्याच्यापुढे बशी सरकवली, त्याने खाल्लं नाही.

"वॉटी," एफी हळूच म्हणाली, "टेबलावर कापडाचा रंग कळत नाही. अंगावर बघावं. घालून तरी बघ."

"मी घालणार नाही."

"मी घालतो," फिनले उठत म्हणाला. "मी घालून दाखवतो. उभं राहिल्यावर तुम्हाला आठवेल. नाही आठवलं तर जातो मी."

तो गुंडाळी घेऊन पाहुण्यांच्या खोलीत गेला. आम्ही नवराबायको स्वयंपाकघरात बसून राहिलो. आतून बक्कल ओढल्याचा आवाज आला.

"तो रडवेला झालाय," एफी म्हणाली.

"आणि मी?"

"तू तर दाराशीच झाला होतास. मला काय दिसत नाही?"

फिनले परत आला आणि दाराच्या चौकटीत माझ्याकडे तोंड करून सरळ उभा राहिला. कमरेला किल्ट जरा ढिला होता. बक्कलं शेवटच्या भोकात होती, तरीही. हा माणूस काटकुळा, आणि दा म्हणे रुंद होता, माझ्यासारखा. वरचा पदर उजवीकडे नीट बसलेला, कडेची झालर सरळ, खालची कड बरोबर गुडघ्याच्या वाटीवर. किल्ट कसा घालावा हे त्याला येत होतं यात शंका नाही.

मी मनापासून बघितलं. खरंच बघितलं. वाटलं, आता काहीतरी आठवेल. हिरवं, निळंकाळं, बोटभर लाल, परत हिरवं. कुठल्याही लग्नात दिसणारा एक किल्ट.

"नाही," मी म्हणालो. "मला माफ करा. मी हा किल्ट कधी बघितलेला नाही."

फिनलेने कोट घेतला, पँटची घडी हातावर टाकली आणि रिकामा मोजा खिशात कोंबला.

"बदलून जा की," एफी म्हणाली.

"नको बाई. गुंडाळी नीट करायची तर निवांत वेळ लागतो, आणि मला आता इथे थांबवत नाही." "मला मूलबाळ नाही. माझ्यानंतर हा कुणाकडे जाणार, हा घोर मला होता. दाने वॉटीचं नाव घेतलं तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आईशपथ, मी ते कुणाला सांगितलंही नाही. पण येताना गाडीत वाटायला लागलं, की बरं झालं. कुणीतरी आहे. येतो मी, मिस्टर गेडीस."

आमची गल्ली अरुंद आणि उताराची, गाडी खाली चर्चपाशीच लावावी लागते. मी मान खाली घालून बसलो होतो, तोवर तो फाटक लोटून बाहेर पडला. मी दारापर्यंत गेलो, ते केवळ दार लावून घ्यायला. माणूस रागात असला तरी पाहुण्याच्या तोंडावर दार लावत नाही, त्याने चार पावलं टाकेपर्यंत थांबतो. म्हणून मी थांबलो.

फिनले उतारावरून निघाला आणि त्याच्या पाठीमागे किल्ट लाल झाला.

मला वाटलं, माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. कमरेपासून गुडघ्यापर्यंत सगळ्या चुण्या लालच लाल होत्या, एकीला एक लागून, खालपर्यंत. तो पाऊल टाकायचा तेव्हा चुण्या उघडायच्या आणि आतलं हिरवं क्षणभर दिसायचं, पाऊल टेकलं की मिटून परत लाल. डावीकडे झोका, उजवीकडे झोका. भिजलेल्या गवताचा वास आला, आणि गल्लीत तर गवत नाही. माझे पाय उंबऱ्यावर होते, पण मी केवढा होतो, कुठे होतो, ते मला सांगता आलं नसतं. लाल लांब चाललं होतं. चर्चच्या भिंतीला वळण आहे, तिथे गेलं की ते दिसेनासं होणार होतं.

तेव्हा मी हाक मारली नव्हती. थांब म्हणाला म्हणून थांबलो होतो.

"दा!" मी ओरडलो.

शेजारच्या बाईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चौसष्ट वर्षांचा, टक्कल पडलेला माणूस गल्लीत उभा राहून बापाला हाका मारतोय, हे तिला रोज कुठे बघायला मिळणार? फिनले थबकला आणि वळला. वळला तसा किल्ट हिरवा झाला.

"काय?" तो खालून ओरडला.

"परत पाठ फिरव!"

"काय?"

"अरे बाबा, पाठ फिरव!"

त्याने पाठ फिरवली. लाल. मी चप्पल न घालता मोज्यांवरच उतारावरून खाली गेलो, एफी माझ्या मागे. जवळ जाऊन मी वाकलो आणि त्या चुण्यांकडे बघितलं. माझे डोळे त्यांच्या उंचीवर आले. प्रत्येक चुणीच्या मधोमध बोटाएवढा लाल पट्टा, बरोबर मध्ये, आणि सगळं हिरवं आत घडीत गेलेलं.

"हा मागे लाल आहे," मी म्हणालो.

"मागे लालच असणार ना," फिनले मान वळवून म्हणाला. तो अजून गोंधळलेलाच होता. "पट्ट्यावर चुण्या घातल्यात. पलटणीची पद्धत. दाला तशाच हव्या होत्या. साध्या किल्टला नक्षी जुळवून चुण्या घालतात, तो मागूनपुढून सारखा दिसतो. हा तसा नाही." मग त्याने माझ्याकडे बघितलं, खाली स्वतःच्या हिरव्या पदराकडे बघितलं, आणि परत माझ्याकडे बघितलं. "तुम्ही... तू त्याला..."

"मला एवढंच आठवतं," मी म्हणालो. "मी त्याच्या मांडीवरही बसलो असेन. पुढूनही बघितला असेन, पाच वर्षं म्हणजे काय थोडी झाली? पण ते काही राहिलं नाही. जाताना दिसला तेवढाच राहिला."

फिनलेच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते त्याने टिपलं नाही, चोळलं. एफीने माझ्या दंडाला धरलं होतं. मला राग आलेला होता, तो गेला नव्हता. तो माणूस धक्क्यावर उभा होता आणि तीन तासांवर होता, त्याचा अर्थ मला तेव्हाही लागला नाही आणि आजही लागत नाही. त्याने मला नाव घेऊन थोरला म्हटलं, तर मग आला का नाही? फिनलेलाही ते माहीत नाही. आम्ही दोघं मिळूनही त्या माणसाचं एक धड उत्तर शोधू शकत नाही.

"घरी चल," एफी म्हणाली. "दोघेही. ब्रायडी वाळून कडक झाल्या असतील."

"थांब जरा," मी म्हणालो. "फिनले, तू एक काम कर. त्या चर्चच्या भिंतीपाशी जा. वळणापर्यंत."

"आणि?"

"आणि मग तिथून इकडे चालत ये."

"काय करायचंय?"

"काही नाही. फक्त चालत ये, माझ्याकडे."

त्याने एफीकडे बघितलं, तिने मान हलवली. त्याने पँट तिच्या हातात दिली, कोट नीट केला आणि उतारावरून खाली गेला. लाल लहान होत होत भिंतीपाशी पोचलं. मी मोज्यांवर गल्लीच्या मधोमध उभा होतो, सांगितल्याप्रमाणे, तिथेच. शेजारीण खिडकीतून बघतच होती, बघू दे.

मग तो वळला आणि चढ चढायला लागला. हिरवा किल्ट जवळ जवळ येत गेला.